‘कळवतो’ या शब्दानंतरचे दिवस : संशोधन मार्गदर्शकाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्यांचे अनुभव

नौपाडा, ठाणे

माझी भाची पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. ठाणे खाडीतील तिवरांवर तिला पीएच.डी. करायची आहे, आणि त्यासाठी तिने मागच्या महिन्यात एका प्राध्यापकांना पत्र लिहिले. दोन दिवसांत उत्तर आले, ‘विषय चांगला आहे. आराखडा पाठवा, पाहून कळवतो.’ आराखडा पाठवून आज २४ दिवस झाले. रोज संध्याकाळी ती मला एकच विचारते, ‘मावशी, परत लिहू का? त्यांना राग तर येणार नाही?’

तिच्या प्रश्नाने मला माझे २००९ साल आठवते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मुंबईतील एका संस्थेतल्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटले होते. त्यांनी वीस मिनिटे मनापासून बोलून शेवटी ‘कळवतो’ म्हटले, आणि त्या एका शब्दावर मी ११ आठवडे काढले. पुन्हा विचारणे म्हणजे मोठ्या माणसाच्या मागे लागणे, अशी घरची शिकवण होती आणि ती मला तेव्हा पटलेलीही होती. अखेरीस त्या विभागातील कारकुनाकडून समजले की सरांकडे त्या वर्षी जागाच नव्हती. पहिल्या पंधरवड्यात एका ओळीने विचारले असते, तर एका ओळीत कळले असते. तोवर दुसऱ्या दोन ठिकाणच्या अर्जांची मुदत संपली होती आणि माझे वर्ष वाया गेले. नकार मी लवकर विसरले. ते ११ आठवडे मात्र विसरता आलेले नाहीत.

म्हणून ही विनंती. ज्यांनी अशी वाट पाहिली, जे आज पाहत आहेत, किंवा ज्यांच्या उत्तराची इतरांनी वाट पाहिली, त्या ठाणे आणि नवी मुंबईतील सर्वांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा. व्यक्तीचे वा संस्थेचे नाव नको. विषय कोणता होता, किती दिवस गेले, त्या दिवसांत काय केले आणि गप्प राहण्यामागचे कारण शेवटी काय निघाले, एवढे लिहिले तरी पुष्कळ उपयोग होईल.

खारघर, नवी मुंबई

माझा विषय पेशीजीवशास्त्र. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मी अमेरिकेतील ११ प्राध्यापकांना ई-मेल लिहिले. चौघांनी उत्तर दिले आणि त्यांतील तिघांचे म्हणणे जवळजवळ एकच होते : प्रवेश समिती देते, तुम्ही थेट विभागाकडे अर्ज करा. मी तो सभ्य भाषेतला नकार समजले आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाही. खरे कारण मला पुढे एका वरिष्ठ मैत्रिणीने सांगितले. तिकडे जीवशास्त्राच्या अनेक विभागांत विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काही आठवडे काम करतो आणि त्यानंतर त्याचा मार्गदर्शक ठरतो. त्यामुळे एकट्या प्राध्यापकाला आधी शब्द देणे शक्यच नसते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात परिस्थिती बहुधा याच्या उलट असते. तेथे प्राध्यापकाची तयारी नसेल तर नुसत्या अर्जाने फारसे काही साधत नाही. कोणत्या देशात, कोणत्या विषयात, कोणाच्या हातात निर्णय असतो हे आधी समजून घेतले असते, तर तो आठवडा मी स्वतःला दोष देण्यात घालवला नसता.

खरी परीक्षा पुढे होती. फेब्रुवारीत एका विद्यापीठाने रात्री साडेअकराला मुलाखत घेतली आणि मार्चमध्ये प्रतीक्षायादीत नाव असल्याचे कळवले. तेथून पुढे काहीच नाही. मला वाटले, संपले. पण तेथील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या एका ठरावानुसार, आर्थिक साहाय्यासह प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही. ज्यांच्या हाती तीन-तीन प्रवेश असतात, ते त्या तारखेपर्यंत विचार करतात, आणि त्यांनी सोडलेल्या जागा अगदी शेवटच्या दिवसांत मोकळ्या होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलचे सायंकाळचे ५ वाजतात तेव्हा आपल्याकडे १६ तारखेचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. माझे पत्र त्याच रात्री १ वाजून १० मिनिटांनी आले होते. मी ते सकाळी सहाला वाचले आणि आधी तारीख नीट तपासली, मग आईला उठवले.

मार्चमधील तो महिनाभराचा शुकशुकाट मला नकार वाटला होता. प्रत्यक्षात तेथेही माझ्यासारखेच सगळे कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत होते.

वर्तकनगर, ठाणे

मी वाशीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आगरी समाजातील लग्नविधीत धवलारीण जी गीते गाते, त्यांवर मला प्रबंध लिहायचा आहे. २०२३ मध्ये मी ज्या सरांना विचारले, ते लोकसाहित्याचे जाणकार आहेत. ‘सिनॉप्सिस द्या, बघतो,’ असे त्यांनी सांगितले. मी ती महिन्याभरात लिहून दिली आणि मग सुरू झाले ते वाट पाहणे. ठाण्याहून वाशीची गाडी धरली की ऐरोलीपासून मी दर स्थानकाला मेल उघडून पाहत असे. पुढे मी स्वतःला नियम घालून घेतला की मेल फक्त तुर्भ्याला, एकदाच उघडायचा. कोपरखैरण्यापर्यंत हातात वाचायचे कागद असत. हा नियम मोडला त्या दिवशी वर्गात माझे लक्ष लागले नाही, हे मला आजही स्पष्ट आठवते.

सहा आठवड्यांनी सरांचा फोन आला, तो त्यांनी स्वतः केला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नवी नियमावली सांगते की ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांचा अडीच वर्षांचा काळ उरला होता. काही वाट निघते का, याची ते विभागात चौकशी करीत होते आणि ती निघेना, म्हणून थांबले होते. ‘तुमची सिनॉप्सिस मी दोनदा वाचली,’ असे म्हणून त्यांनी मला एका सहयोगी प्राध्यापक बाईंचे नाव सुचवले आणि त्यांच्याशी आधी बोलूनही ठेवले. त्याच नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. बाईंकडे पाच होते. सहावी मी.

दोन गोष्टी मुद्दाम सांगते. कोणाकडेही अर्ज करण्यापूर्वी त्यांच्या निवृत्तीचे वर्ष आणि रिकाम्या जागा विभागाच्या कार्यालयात विचाराव्यात. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतात, ते वाट पाहण्याच्या काळात वाचावेत. मी बाईंच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचले होते आणि पहिल्या भेटीत आमचे बोलणे थेट पाठभेदांवर गेले. त्याच सहा आठवड्यांत मी घणसोली गावठाणात एका सत्तरीच्या धवलारणीकडे चार रविवार जाऊन बसले. मांडवात गाते तशी गाणी तिने मला ओसरीवर बसून, तांदूळ निवडता निवडता म्हणून दाखवली. तेव्हा माझ्याकडे मार्गदर्शक नव्हता, नोंदणी नव्हती, काही नव्हते. आज प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्या चार रविवारांवर उभे आहे.

वाशी, नवी मुंबई

माझा अनुभव थोडक्यात. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दूतावासामार्फत प्राथमिक निवड झाल्यावर उमेदवाराला तेथील विद्यापीठाकडून ठरलेल्या मुदतीत तात्पुरते स्वीकृतिपत्र मिळवावे लागते. मी तीन प्राध्यापकांना लिहिले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिघेही एकाच वेळी गप्प झाले आणि माझी झोप उडाली. ते ओबोनचे दिवस होते. आपल्या पितृपक्षासारखा पूर्वजांच्या स्मरणाचा तो काळ ऑगस्टच्या मध्यावर येतो, लोक आपापल्या गावी जातात आणि अनेक विद्यापीठे त्या काळात बंद असतात. सुट्टी संपल्यावर तीन दिवसांत दोघांची उत्तरे आली. ज्या देशात पत्र पाठवायचे, तेथील सणावारांची यादी आधी पाहून ठेवावी.

नेरूळ, नवी मुंबई

मी या विषयात पलीकडच्या बाजूची आहे. अर्थशास्त्राची प्राध्यापक म्हणून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली. ज्यांच्या उत्तराची वाट पाहिली गेली त्यांनीही लिहावे, असे वर म्हटले आहे, म्हणून लिहिते.

प्रवेशाच्या दिवसांत मला रोज पाच-सहा पत्रे येत. काहींत माझ्या नावाच्या जागी दुसऱ्याच प्राध्यापकांचे नाव राहून गेलेले असे. काहींत ‘आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे’ असे लिहिलेले असे; विषयाची ओढ नसलेला माणूस तीन ते सहा वर्षे त्या विषयाशी कसा राहणार, हे मला कधी कळले नाही. अशा पत्रांना मी उत्तर देत नसे. ज्यांना नकार द्यायचा हे मनात स्पष्ट असे, त्यांना मी त्याच दिवशी दोन ओळी लिहीत असे. उशीर होई तो या दोन्हींत न बसणाऱ्या पत्रांना, म्हणजे मला आवडलेल्या पत्रांना. हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. आराखडा चांगला असे, त्यावर चार मुद्दे नीट लिहावेत असे वाटे, आणि नीट लिहायला निवांत तास हवा म्हणून ते पत्र बाजूला ठेवले जाई. शिवाय जागेचा प्रश्न असे. माझे आठही विद्यार्थी भरलेले असत आणि त्यांतील एक जण दिवाळीपर्यंत प्रबंध सादर करणार असे. त्याने तो केला तर जागा होणार. न केला तर नाही. आज नकार द्यावा तर चांगला विद्यार्थी हातचा जाणार आणि होकार द्यावा तर उद्या शब्द फिरवावा लागणार, म्हणून मी काहीच लिहीत नसे. त्याला मी सावधपणा समजत होते.

निवृत्तीच्या वर्षी एका चर्चासत्रात एक तरुण प्राध्यापिका मला भेटली. तिने अगदी आदराने सांगितले, ‘मॅडम, मी तुमच्या उत्तराची गणपतीपासून होळीपर्यंत वाट पाहिली होती.’ मला तिचे पत्र आठवेना. घरी येऊन मी जुने मेल शोधले. पत्र सापडले, आणि त्याच्याखाली मी लिहिलेले, न पाठवलेले उत्तरही सापडले : ‘तुमचा आराखडा मला आवडला. सध्या माझ्याकडे जागा नाही, दिवाळीनंतर’. वाक्य तेथेच थांबले होते. कोणी तरी दाराशी आले असेल, फोन वाजला असेल. त्या अर्ध्या वाक्याने तिचे सहा महिने वाचले असते. मी तिला दुसऱ्या दिवशी पत्र लिहून क्षमा मागितली. तिने मोठ्या मनाने उत्तर दिले, आणि ते मात्र त्याच दिवशी दिले.

तेव्हा, नौपाड्याच्या ताई, आपल्या भाचीला सांगा की अवश्य लिहावे. दोन-तीन आठवड्यांनंतर आलेल्या दुसऱ्या पत्राचा मला कधीच राग आला नाही. त्या पत्रामुळे अनेकदा पहिले पत्र बुडता बुडता वाचले. आठवड्यात तीन पत्रे, किंवा पत्र, फोन आणि निरोप एकाच दिवशी, हे मात्र करू नये.

ऐरोली, नवी मुंबई

मी आई म्हणून लिहीत आहे. लेकीचा विषय पदार्थविज्ञान आणि तिला जर्मनीत जायचे होते. तेथे पुष्कळदा पीएच.डी. म्हणजे विद्यापीठाची ठरावीक मुदतीची, पगाराची नोकरीच असते, आणि तिचा पैसा प्राध्यापकांना मंजूर झालेल्या प्रकल्पातून येतो. ज्या प्राध्यापकांनी तिची मुलाखत घेतली, त्यांनी सांगितले की प्रकल्पाच्या मंजुरीनंतर कळवू. आमच्या स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’वर तिने मुलाखतीच्या तारखेला पेन्सिलीने एक छोटा गोल केला आणि तीन आठवडे मोजून दुसरा. दुसऱ्या गोलापर्यंत विचारायचे नाही, असे तिने ठरवले होते. ते तीन आठवडे आम्ही घरात कोणी त्या भिंतीकडे फार वेळ पाहत नसू.

आई-वडिलांना माझे एवढेच सांगणे आहे की ‘काही आले का?’ हा प्रश्न रोज विचारू नये. मी पहिले दहा दिवस विचारला. अकराव्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, आलं की मी धावत येईन गं, तू विचारलंस की नाही आलं हे मला परत एकदा सांगावं लागतं.’ मी त्या दिवसापासून थांबले. तिचे वडील तिला संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीकडे फिरायला नेत आणि दुसरेच काही बोलत. दुसऱ्या गोलाच्या दिवशी तिने चार ओळी लिहिल्या. उत्तर आले की मंजुरी अजून झालेली नाही, पण त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या गटात जागा आहे, तेथे अर्ज करायचा का? तिने केला. आज ती तेथे दुसऱ्या वर्षात आहे.

घोडबंदर रस्ता, ठाणे

मला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली होती. ती मिळाली की मार्गदर्शक मिळतोच, असा समज मी ऐकला होता आणि त्यावर विश्वास ठेवला. महिना ३७,००० रुपयांची ती शिष्यवृत्ती नोंदणी झाल्यावरच सुरू होते आणि तिच्या पत्राची मुदत ३ वर्षांची असते, म्हणजे वाट पाहण्याचा प्रत्येक महिना त्या मुदतीतून वजा होतो. एका प्राध्यापकांनी मला सांगितले, ‘प्रयोगशाळेत येत जा, काम पाहू, मग ठरवू.’ मी पाच महिने गेलो. काचसामान धुतले, नमुने तयार केले, दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी आलेख काढून दिले. पगार नव्हता, हजेरीत नाव नव्हते. दर महिन्याच्या शेवटी मी विचारी, आणि दर महिन्याला ‘बघू’ हेच उत्तर मिळे. पाचव्या महिन्यात वडिलांच्या सांगण्यावरून मी तोच प्रश्न लेखी विचारला. नकार दुसऱ्या दिवशी आला.

हे लिहिताना मला आजही त्रास होतो, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही. वरच्या सगळ्या अनुभवांत गप्प राहण्याला काही ना काही कारण होते. येथे असे काही कारण मला आजवर सापडलेले नाही. उत्तर न देता काम करून घेणे चुकीचे आहे, आणि विद्यार्थ्याने ते दोन आठवड्यांपलीकडे चालू देऊ नये. कामाचे स्वरूप आणि निर्णयाची तारीख पहिल्याच दिवशी ई-मेलने लिहून घ्यावी. मला पुढे दुसऱ्या शहरात चांगले मार्गदर्शक मिळाले. त्यांनी पहिल्या भेटीत कॅलेंडर उघडून सांगितले, ‘पंधरा तारखेपर्यंत सांगतो,’ आणि चौदाला सांगितले.

नौपाडा, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने काल रात्री हे सारे वाचले आणि दुसऱ्या पत्राचा मसुदा केला. पत्र इंग्रजीत आहे. त्याचा आशय असा : ‘आपण अत्यंत व्यग्र असाल याची मला कल्पना आहे. पुन्हा त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. वेळ मिळेल तेव्हा माझ्या आराखड्यावर अभिप्राय दिल्यास मी आभारी राहीन.’ नेरूळच्या बाईंनी हा मसुदा पाहावा, अशी विनंती आहे.

नेरूळ, नवी मुंबई

‘वेळ मिळेल तेव्हा’ हे शब्द प्रथम काढा. ते वाचून मी हे पत्र नक्की बाजूला ठेवले असते. क्षमाही नको, तिने काही चुकीचे केलेले नाही. अभिप्राय मागू नका, त्याला निवांत तास लागतो. ज्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येईल असा प्रश्न विचारा. उत्तर कधीपर्यंत हवे आणि का, ते लिहा. मधल्या दिवसांत तिने जे काम केले असेल ते एका वाक्यात सांगा. आणि नवे पत्र न पाठवता जुन्या पत्राच्या खालीच लिहा, म्हणजे त्यांना आराखडा शोधावा लागणार नाही.

नौपाडा, ठाणे

बाईंच्या सूचनांप्रमाणे बदललेले पत्र आज सकाळी सव्वादहाला गेले. इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्याचा आशय देते.

‘आदरणीय सर, ठाणे खाडीतील तिवरांच्या पुनरुज्जीवनासंबंधीचा माझा आराखडा याच पत्राखाली जोडलेला आहे. यंदा आपल्याकडे नव्या विद्यार्थ्यासाठी जागा आहे का, एवढे मला कळावे, ही विनंती. प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत या महिन्याच्या ३० तारखेला संपते. शिवाय माझ्या अभ्यासक्षेत्राचा काही भाग २०१५ साली घोषित झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्यात येतो आणि तेथे संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्या अर्जाची कागदपत्रे मी या काळात तयार केली आहेत, मार्गदर्शकाच्या नावाची जागा तेवढी रिकामी आहे. जागा नसल्यास तसे एका ओळीत कळवले तरी मला दुसरीकडे अर्ज करता येईल.’